नसेच्या दुखण्यावर भुलीचं इंजेक्शन : आधीची तयारी, तो दिवस आणि नंतरचे सहा तास

नागीण बरी होऊन चार महिने झाले, तरी बरगडीवर सदऱ्याचं कापड टेकलेलं सहन होत नाही. हर्नियाच्या ऑपरेशनची जखम भरली, पण जांघेत मधूनच विजेचा झटका बसतो. मानेच्या मागून निघालेली कळ टाळूवरून थेट डोळ्यापर्यंत येते. अशा रेंगाळलेल्या दुखण्यांत नेमक्या नसेभोवती भुलीचं औषध सोडतात. डॉक्टर त्याला ‘नर्व्ह ब्लॉक’ किंवा नुसतं ‘ब्लॉक’ म्हणतात. हा लेख रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडून पहिल्यांदाच ब्लॉकसाठी जाणाऱ्यांसाठी आणि त्यांच्यासोबत जाणाऱ्यांसाठी आहे. सुई डॉक्टरच टोचणार, त्यात तुम्हाला काही करायचं नाही. पण त्या सुईतून हाती काय लागतं, हे तुम्ही कसे जाता आणि पुढचे काही तास काय टिपून ठेवता यावर बरंच अवलंबून असतं. गावाकडच्या रुग्णांचं नुकसान होतं ते बहुतेक इथेच.

हे औषध करतं काय

औषधं मुख्यतः दोन. पहिलं लिग्नोकेन. दात काढताना हिरडीत देतात ते हेच, ‘झायलोकेन’ नावाने सगळ्यांच्या ओळखीचं. दुसरं ब्युपिवकेन. नसेतून संदेश पुढे सरकायला सोडियमचे कण तिच्या आवरणातल्या सूक्ष्म दारांतून आत यावे लागतात. ही औषधं ती दारं बंद करतात आणि संदेश तिथेच थांबतो. लिग्नोकेन पाच-दहा मिनिटांत चढतं आणि साधारण एक ते दोन तास टिकतं. ब्युपिवकेनला १५ ते ३० मिनिटं लागतात, पण ते चार ते आठ तास, कधी त्याहून जास्त टिकतं.

आठ तासांत उतरणाऱ्या औषधाने वर्षभराचं दुखणं कसं जाईल, असा प्रश्न पडणं साहजिक आहे. ब्लॉकचं पहिलं काम दुखणं घालवणं नसतंच. दुखणं ‘याच’ नसेतून येतंय का, हे तपासणं असतं. नस बधिर असेपर्यंत दुखणं गेलं, तर संशय बरोबर होता. ती जागा पूर्ण बधिर होऊनही आतलं दुखणं तसंच राहिलं, तर उगम दुसरीकडे आहे.

दुसरं काम उपचाराचं. दुखावलेली नस कारण नसताना संदेश पाठवत राहते आणि त्या माऱ्याने मणक्यातल्या व मेंदूतल्या पेशी जास्तच हळव्या होतात. मग हलका स्पर्शही दुखणं वाटतो. हा मारा काही तास थांबला की काहींच्या बाबतीत ते चक्र मंदावतं आणि औषध उतरल्यावरही कित्येक दिवस, कधी आठवडे बरं वाटतं. काहींना मात्र औषध उतरताच पहिल्यासारखं दुखू लागतं. नस सुजलेली किंवा आवळलेली असेल तर सोबत थोडं स्टिरॉइड घालतात. जुन्या नागिणीच्या दुखण्यात ब्लॉकचं यश मध्यम आहे, हे आधीच ऐकून ठेवा. ‘एका सुईत कायमचं बंद’ असं कोणी म्हणालं, तर त्याच्याकडे जाऊ नका.

तुमचं दुखणं यातलं आहे का

नसेचं दुखणं जळजळतं, टोचतं, झटका देतं, मुंग्या आणतं. जिथे दुखतं तिथेच बधिरपणाही असतो. ब्लॉकचा उपयोग होतो तो दुखणं एका नसेच्या हद्दीत बसत असेल तर. घरीच एक तपासणी करा. आंघोळीनंतर अंग कोरडं करून, पेनाने दुखऱ्या भागाची कड त्वचेवर आखा. जिथे कापूस फिरवला तरी झोंबतं तिथे बारीक टिंबं द्या, जिथे काहीच कळत नाही तिथे फुली मारा आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवा. ‘इथपासून इथपर्यंत सगळं दुखतं’ हे ऐकून डॉक्टरांना जे कळत नाही, ते या फोटोत दिसतं.

मधुमेहात दोन्ही पायांचे तळवे मोज्याच्या आकारात जळतात. त्यात एकच नस धरता येत नाही, म्हणून तिथे ब्लॉकचा फारसा उपयोग नाही. साखर ताब्यात आणणं आणि गोळ्या हाच रस्ता. सुईच्या खर्चात पडण्याआधी एचबीए१सी (मागच्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर) आणि व्हिटॅमिन बी१२ या दोन रक्ततपासण्या करून घ्या. अंगावर फिकट किंवा तांबूस, स्पर्श न कळणारा चट्टा असेल, किंवा कोपराच्या आतल्या बाजूची नस दोरीसारखी जाड लागत असेल, तर आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात कुष्ठरोगाची तपासणी करा. उपचार तिथे मोफत मिळतो, आणि त्या नसेत लपूनछपून इंजेक्शनं घेत बसण्यात हाताची बोटं वाकायची वेळ येते.

कुणाकडे जायचं

हे काम बहुतेक भूलतज्ज्ञ करतात, त्यातही वेदनाचिकित्सेचं वेगळं शिक्षण घेतलेले. दक्षिण सिंधुदुर्गातली माणसं उपचारांसाठी गोव्यात बांबोळीला जातात, रत्नागिरीकडची घाट चढून कोल्हापूरला किंवा रेल्वेने मुंबईला. इतकं लांब जाण्याआधी जिल्ह्याच्या ठिकाणी भूलतज्ज्ञांना भेटून विचारा. डोक्याच्या मागची किंवा मांडीच्या बाजूची वरवरची नस असेल, तर काम जवळ होऊ शकतं.

फोनवर तीन गोष्टी विचारा : सुई सोनोग्राफीखाली किंवा एक्स-रे यंत्राखाली टोचणार की नुसत्या अंदाजाने? ब्लॉक देताना नाडी, रक्तदाब आणि ऑक्सिजन दाखवणारा मॉनिटर लावणार का? आणि २० टक्क्यांचं लिपिड इमल्शन (शिरेतून द्यायचं दुधासारखं स्निग्ध औषध) तिथे ठेवलेलं असतं का? तिसरा प्रश्न ऐकून पलीकडचा माणूस गोंधळला, तर वरवरच्या लहान ब्लॉकपलीकडे काही तिथे करून घेऊ नका. भुलीचं औषध चुकून रक्तात जास्त गेलं आणि हृदयावर परिणाम झाला, तर हेच औषध शिरेतून देतात. ६० किलोच्या माणसाला पहिला डोस सुमारे ९० मिलिलिटर, दोन-तीन मिनिटांत. तेवढ्या घाईत ते गावातून मागवता येत नाही.

आठवडाभर आधी

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांवर सगळ्यात जास्त घोळ होतो. मणक्याजवळच्या किंवा खोल ब्लॉकआधी क्लोपिडोग्रेल साधारण सात दिवस, तर वॉरफेरिन किंवा असिट्रोम पाचेक दिवस थांबवून रक्ताची आयएनआर तपासणी (रक्त गोठायला किती वेळ लागतो ती) करावी लागते. वरवरच्या ब्लॉकला बहुतेक वेळा काहीच थांबवावं लागत नाही. पण कुठलीही गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. ज्याच्या हृदयात स्टेंट आहे त्याने ‘शेजारच्यांना सांगितलं होतं’ म्हणून गोळी सोडली, तर बरगडीच्या दुखण्यापायी झटका ओढवून घेईल. हृदयाचे डॉक्टर आणि ब्लॉक देणारे डॉक्टर यांचं आपसात बोलणं करून द्या.

गॅबापेंटिन, प्रीगॅबालिन, अमिट्रिप्टिलिन यांपैकी नसेच्या दुखण्यावरची गोळी चालू असेल तर ती तशीच चालू ठेवा. एकदम तोडली तर झोप उडते, घाम फुटतो, आणि नंतरचा त्रास ब्लॉकचा की गोळी सोडल्याचा हे कळत नाही. रोजची साधी वेदनाशामक गोळी मात्र त्या दिवशी सकाळी घ्यायची की नाही, ते विचारा. तपासणीच्या ब्लॉकला जाताना दुखणं जागं असावं लागतं. दहापैकी एक-दोनच दुखत असेल, तर कमी झालं काय आणि नाही झालं काय, कळायचं कसं?

दंतवैद्याकडे सुई लागल्यावर चक्कर आली होती, म्हणजे ‘मला झायलोकेनची अॅलर्जी आहे’ असं बरेच जण ठाम सांगतात. खरी अॅलर्जी फार विरळ. ती चक्कर बहुधा भीतीने रक्तदाब उतरल्याची असते आणि धडधड औषधात मिसळलेल्या अॅड्रेनालिनची. अंगावर गांधी उठल्या होत्या का, घसा सुजला होता का, श्वास अडकला होता का, एवढं नेमकं आठवून सांगा.

ताप असेल, सुई टोचायच्या जागी गळू, खरूज किंवा ओली जखम असेल, तर तारीख पुढे ढकला. पावसाळ्यात जांघेत आणि पोटाच्या वळीत बुरशीचे चट्टे सर्रास असतात, जायच्या आधी आरशात पाहून घ्या. एकादशी किंवा संकष्टीची तारीख घेऊ नका. उपाशी पोटी, घाटातली वळणं खाऊन आलेला माणूस सुई पाहताच खाली बसतो. वरवरच्या ब्लॉकला उपाशी राहावं लागत नाही, सकाळी पेज पिऊन जा. खोल ब्लॉकला किंवा गुंगी देणार असतील, तर जेवण सहा तास आधी आणि नुसतं पाणी दोन तास आधी थांबवतात. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन त्या सकाळी घ्यायचं का, हेही विचारून ठेवा.

वजन आणि मात्रा

वजन त्याच आठवड्यात काट्यावर करून जा, अंदाजे सांगू नका. औषधाची कमाल मात्रा वजनावर ठरते. नुसत्या लिग्नोकेनला किलोमागे ३ मिलिग्रॅम ही सावध मर्यादा, काही ठिकाणी साडेचारपर्यंत जातात. ब्युपिवकेनला किलोमागे साधारण २ मिलिग्रॅम. २ टक्के लिग्नोकेनच्या एका मिलिलिटरमध्ये २० मिलिग्रॅम असतं. म्हणजे ४५ किलोच्या आजीला सावध हिशेबाने १३५ मिलिग्रॅम, जेमतेम पावणेसात मिलिलिटर. तेच औषध १ टक्क्याचं केलं तर साडेतेरा मिलिलिटर मिळतं, म्हणून चार बरगड्यांना द्यायचं असेल तर डॉक्टर पातळ औषध घेतात. दोन औषधं मिसळली की दोघांचा विषारी परिणाम एकत्र धरावा लागतो, ‘दोन्हींची अर्धी-अर्धी म्हणजे सुरक्षित’ असं होत नाही. हा हिशेब डॉक्टरांचा आहे, पण वजन ४५ ऐवजी ६० सांगितलंत तर तो सुरुवातीलाच चुकतो.

स्टिरॉइड घालणार का, कुठलं आणि किती, ते विचारून कागदावर लिहून घ्या. मधुमेह असेल तर पुढचे काही दिवस, कधी आठवडाभर साखर चढते. घरी साखर मोजायचं यंत्र असेल तर रोज दोनदा बघा.

टेबलावर

संमतिपत्र वाचून सही करा आणि कुठली बाजू, डावी की उजवी, ते तोंडाने सांगा. खोल ब्लॉकआधी हातात सलाईनची सुई लावतात. जागा बेटाडीन किंवा क्लोरहेक्झिडिनने पुसतात. ते पुसलेलं वाळल्यावरच काम करतं, म्हणून मधे एक-दोन मिनिटं कोणी काही करत नाही. सिरिंज आणि सुई नवीन पाकिटातून निघते का, बघा आणि दिसली नाही तर विचारा. लिग्नोकेनची ३० मिलिलिटरची बाटली अनेकांसाठी वापरतात, त्यामुळे वापरलेली सुई तिच्यात पुन्हा जाता कामा नये.

आधी बारीक सुईने त्वचा बधिर करतात, तेव्हा थोडं झोंबतं. मग सुई नसेजवळ नेतात. नसेच्या अगदी शेजारी गेल्यावर नेहमीचं दुखणं क्षणभर जागं होऊ शकतं, ते सांगा. औषध सोडताना मात्र विजेसारखी जोराची कळ आली तर ताबडतोब ‘थांबा’ म्हणा. सुई नसेच्या आत असण्याची शक्यता असते आणि तिथे दाबाने औषध गेलं तर नसेला इजा होते. हात झटकू नका, बोला. यासाठीच तपासणीच्या ब्लॉकला गुंगीचं औषध नको म्हणतात. शिवाय गुंगीने आलेला आराम ब्लॉकच्या खात्यावर जमा होतो.

डॉक्टर मधे मधे दट्ट्या मागे ओढून रक्त येतं का पाहतात आणि औषध थोडं थोडं सोडतात. याच वेळी कानात शिट्टी वाजणं, जिभेवर लोखंडाची चव, ओठांभोवती बधिरपणा किंवा उगाच बडबडावंसं वाटणं यातलं काहीही झालं तर लगेच सांगा. औषध रक्तात उतरत असल्याच्या या पहिल्या खुणा आहेत. इथेच थांबलं तर बहुतेक वेळा काही बिघडत नाही, रेटत राहिलं तर फिट येऊ शकते.

कुठल्या ब्लॉकला काय होतं

बरगडीखालची नस (नागिणीनंतर बहुधा हीच) : एका बरगडीला ३ ते ५ मिलिलिटर. फुप्फुसाचा पडदा तिथून बोटभरही लांब नसतो, त्यामुळे क्वचित हवा छातीत शिरते. शिवाय या जागेतून औषध रक्तात सगळ्यात भरभर जातं. म्हणून इथे सोनोग्राफी आणि नंतर अर्धा-पाऊण तास नजरेखाली राहणं, दोन्हीचा आग्रह धरा.

डोक्याच्या मागची नस : प्रत्येक बाजूला २ ते ४ मिलिलिटर. टाळूचा अर्धा भाग रात्रीपर्यंत मेल्यासारखा वाटतो. त्यावर केसांत फणी जोराने ओढू नका.

मांडीच्या बाहेरच्या बाजूची जळजळ : कंबरेच्या पुढच्या हाडाजवळ ५ ते १० मिलिलिटर. जांघेतल्या ब्लॉकसारखंच इथूनही औषध पसरून गुडघ्याला बळ देणारी नस बधिर होऊ शकते. उठताना पाय अचानक मुडपतो आणि रुग्ण दवाखान्याच्या पायरीवरच पडतो. पहिल्यांदा उभं राहताना दोन्ही बाजूंनी माणूस हवा.

मानेतला स्टेलेट गँगलियन ब्लॉक, म्हणजे हात सुजून जळत असेल त्या आजारात देतात तो : त्या बाजूची पापणी खाली येते, डोळा लाल होतो, नाक चोंदतं, आवाज घोगरा होतो. घरची माणसं याला लकवा समजून घाबरतात. ही ब्लॉक लागल्याची खूण आहे आणि काही तासांत जाते. आवाज नीट होईपर्यंत काही खाऊ-पिऊ नका, ठसका लागतो. दोन्ही बाजू एकाच दिवशी करत नाहीत.

पहिले सहा तास

इंजेक्शन झालं, दुखणं पळालं, की लोक लगेच मिळेल ती गाडी पकडतात. मालवणहून बांबोळी किंवा रत्नागिरीहून कोल्हापूर म्हणजे परतीचे तीनेक तास. आंबा घाटात उलटीची गोळी घेऊन झोपून गेलात, की औषध कामावर होतं तो सगळा वेळ झोपेत गेला. आठवड्याने डॉक्टर विचारतात, ‘किती टक्के कमी झालं?’ आणि उत्तर येतं, ‘बरं वाटलं होतं जरा.’ यावरून पुढचा उपचार ठरवता येत नाही.

शक्य असेल तर सकाळची वेळ घ्या आणि निदान तीन-चार तास त्याच गावात थांबा. वहीत किंवा मोबाइलमध्ये असा तक्ता करा : वेळ, दुखणं शून्य ते दहापैकी किती, त्वचा बधिर आहे की नाही, आणि त्या वेळी काय करत होतात. इंजेक्शनआधी एकदा, नंतर पहिले दोन तास दर अर्ध्या तासाने, मग झोपेपर्यंत दर तासाने लिहा. आणि नुसते पडून राहू नका. ज्याने दुखतं तेच सांभाळून करून पाहा : बरगडीचं असेल तर सदरा घालून खांदा फिरवा, मानेचं असेल तर मागे वळून बघा, जांघेचं असेल आणि पायात बळ असेल तर बाहेर चालून या. पडून राहिल्यावर सगळ्यांनाच कमी दुखतं.

लिग्नोकेन दिलं असेल आणि आराम दोनेक तास टिकला, ब्युपिवकेनने पाच-सहा तास टिकला, तर उत्तर विश्वासाचं. निम्म्याहून जास्त दुखणं त्या वेळेपुरतं गेलं तर नस बरोबर सापडली असं धरतात. नुसतं सुई टोचल्याच्या विश्वासानेही काहींना बरं वाटतं आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. म्हणूनच नस जाळण्यासारखा मोठा निर्णय घेण्याआधी ब्लॉक दुसऱ्यांदा, वेगळ्या औषधाने करून पाहतात.

घरी आल्यावर

त्या दिवशी दुचाकी, रिक्षा, होडी काही चालवायची नाही. पाय बधिर असेल तर अनवाणी फिरू नका. कातळावर, चिऱ्याच्या पायरीवर किंवा कालवांच्या खडकावर तळवा फाटला तरी कळणार नाही. हात बधिर असेल तर विळी, कोयता आणि काजूबिया फोडणं बंद, टरफलाच्या तेलाने कातडी भाजते आणि वेदना जाग्यावर नसते. बधिर जागेवर गरम पाण्याची पिशवी तर मुळीच नको. सुईची जागा २४ तास कोरडी ठेवा, विहिरीत, तळ्यात, समुद्रात उतरू नका. मासे बंद करायची गरज नाही, त्याचा नसेशी संबंध नाही.

रात्री भूल उतरली की दुखणं परत येतं, काहींना आधीपेक्षा जरा जास्तच. ‘उलटलं’ असं समजून घाबरू नका. स्टिरॉइड दिलं असेल तर त्याचा परिणाम दिसायला दोन ते पाच दिवस लागतात. तोवर नेहमीच्या गोळ्या.

धाप लागणं किंवा श्वास घेताना छातीत टोचणं, बधिरपणा २४ तासांनंतरही उतरण्याऐवजी वाढणं, दोन्ही पायांतली ताकद जाणं, लघवी अडणं किंवा नकळत होणं, ताप येऊन सुईची जागा लाल होणं : यातलं काहीही झालं तर सकाळची वाट पाहू नका, १०८ ला फोन करा. बरगडीच्या ब्लॉकनंतर छातीत हवा शिरल्याची लक्षणं काही तास उशिराही दिसतात, म्हणून त्या रात्री रुग्णाला घरात एकटं ठेवू नका.

दुसरी सुई घ्यायची का

तक्ता घेऊन जा, निर्णय त्यावरच होऊ द्या. प्रत्येक वेळी आराम आधीपेक्षा जास्त टिकत असेल, तर दोन-तीन ब्लॉकची मालिका करण्यात अर्थ आहे. नस बधिर झाली पण दुखणं हललंच नाही, तर त्याच जागी तिसऱ्यांदा टोचून घेऊ नका, निदानच पुन्हा तपासायला सांगा. आराम भरपूर पण दर वेळी औषधाइतकाच टिकत असेल, तर पल्स्ड रेडिओफ्रीक्वेन्सीचा पर्याय विचारा. यात नस न जाळता तिच्याजवळ विजेचे लहान स्पंद देतात. नागिणीनंतर कातडी झोंबत असेल आणि सुई नकोच असेल, तर ५ टक्के लिग्नोकेनची पट्टी मिळते : अखंड त्वचेवर १२ तास लावायची, १२ तास काढून ठेवायची, एका वेळी जास्तीत जास्त तीन. स्टिरॉइडची इंजेक्शनं आधी कुठे आणि कधी झाली, ते दर वेळी सांगा, गुडघ्यात घेतलेलंही धरून.

नागीण आत्ता, या आठवड्यात उठली असेल, तर ब्लॉकचा विचार बाजूला ठेवा. नागिणीची दोन तोंडं जुळली की माणूस जातो, ही भीती खोटी आहे. ती एका नसेच्या पट्ट्यात, अंगाच्या एकाच बाजूला येते. पण ती उतरवून घेण्यात आणि दूर्वा-तांदळाच्या लेपात पहिले तीन दिवस गेले तर खरं नुकसान होतं. अॅसायक्लोव्हिरसारखं औषध पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू केलं तर फोड लवकर सुकतात आणि तीव्र दुखणं कमी होतं. अॅसायक्लोव्हिरची नेहमीची मात्रा ८०० मिलिग्रॅम, दिवसातून पाच वेळा, सात दिवस. मूत्रपिंडाचा आजार असेल तर ती कमी करावी लागते, म्हणून मेडिकलवाल्याकडून परस्पर घेऊ नका. पन्नाशी ओलांडलेल्यांसाठी नागिणीची लसही २०२३ पासून भारतात मिळते. दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस. लस महाग आहे, तेव्हा घरात कुणाला आधी द्यायची हे वय आणि मधुमेह बघून डॉक्टरांशी बोलून ठरवा.